गजरामावशीच्या बाळमुठी

बाळमुठीला इंग्रजीत काय म्हणतात, ते मला आजही पटकन आठवत नाही. परवा हैदराबादच्या एका दुकानात खाऱ्या पाण्याची मोठी टाकी दिसली. आत दगडावर फिकट गुलाबी रंगाचा एक झुबका होता. मऊ मऊ देठं, प्रत्येक देठाच्या टोकाला पाकळ्यांच्या इवल्या इवल्या मुठी, आणि त्या सगळ्या आपल्याच नादात उघडत होत्या, मिटत होत्या. ऑफिसातली मैत्रीण बरोबर होती. तिनं विचारलं, "हे काय गं? फूल आहे की प्राणी?"

"बाळमूठ आहे," मी म्हणाले.

दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या पाटीवर भलतंच नाव होतं. तेव्हा ध्यानात आलं, की हा शब्द पुण्याजवळच्या नांदे गावातल्या एका घराबाहेर कुणाला ठाऊकच नाही. तो गजरामावशीनं पाडलेला आहे.

मी मूळची सोलापूरची. नांद्यात राहिले ती हिंजवडीतल्या नोकरीमुळे. मावशीच्या घरात खाली ती स्वतः, तिचे यजमान अण्णा आणि मुलगा संतोष. मागे दोन म्हशींचा गोठा. बाजूला आणि वर ओळीनं काढलेल्या खोल्या, त्यांत आम्ही भाडेकरू. घराच्या एका अंगाला उरलीसुरली भाताची खाचरं आणि दुसऱ्या अंगाला उंच इमारतींचे सांगाडे. सकाळी म्हशीच्या हंबरण्यानं जाग यायची आणि काँक्रीट मिक्सरच्या गाड्या सुरू झाल्या की ती पक्की व्हायची.

पहिल्या दिवशी मी "मावशी, तुम्ही" अशी सुरुवात केली, तर तिनं मला तिथंच अडवलं. "मावशीला कुणी तुमी म्हणतं व्हय गं? आईला म्हणतीस का?" त्या दिवसापासून ती 'तू' झाली आणि मी 'रेवते'.

मावशी साठीच्या आसपासची. उंच, हाडापेरानं मजबूत, पदर कायम कमरेला खोचलेला. आवाज खाचरापलीकडच्या माणसाला हाक मारण्यासाठी घडलेला, त्यामुळे ती फोनवर बोलायला लागली की मधे फोन कशाला, असं वाटायचं. आणि हात कोपरापर्यंत ओले. मी तिला कोरड्या हातांनी फारशी पाहिलीच नाही. पाहुण्यांना पाणी द्यायचं तर ती अण्णांना सांगायची, "तुमी द्या, माझं हात टाकीचं हायेत."

ही टाकी मुळात तिची नव्हती. सौरभ नावाचा नागपूरकडचा एक मुलगा वरच्या खोलीत राहायचा. त्याला घरात समुद्र पाळायचा नाद. काचेची भलीमोठी टाकी, दिवे, पंप, मिठाची पोती असं सगळं टेम्पोतून आणून तो जिन्यानं वर चढवायला निघाला, तर मावशी जिन्यात दोन्ही हात पसरून उभी.

"वजन किती व्हईल ह्याचं?"

सौरभ खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. "भरल्यावर एका म्हशीएवढं होईल, मावशी."

"मग म्हैस कुणी माडीवर बांधतं का? खाली बांध."

अशी ती टाकी मावशीच्या पुढच्या खोलीत आली. सौरभ सकाळ-संध्याकाळ खाली येऊन तिचं करायचा आणि मावशी भाकरी थापता थापता लांबून टोमणे मारायची. मासे खायला असतात, बघायला नसतात, असं तिचं मत होतं. मग एका संध्याकाळी सौरभनं कुणा मित्राच्या टाकीतून मऊ प्रवाळाचा, म्हणजे दगडाला चिकटून वाढणाऱ्या समुद्री जिवाचा, अंगठ्याएवढा तुकडा आणून दगडावर बसवला. दोन-चार दिवसांत तो तिथं धरला आणि त्याच्या मुठी हलायला लागल्या. मावशी दिवाबत्ती करून वळली आणि काचेसमोर थबकली. नाक काचेला टेकेपर्यंत वाकली.

"सौरभ, ह्याला कोण हालवतंय रं?"

"कोणी नाही मावशी, तेच हलतं."

"अरं, पाळण्यातलं बाळ झोपंत मूठ मिटतंय, उघडतंय, तसंच हाय की हे!"

त्या दिवसापासून तिची खुर्ची टाकीसमोर आली.

सौरभ तिला समजावून सांगायचा, ती ते आपल्या भाषेत करून घ्यायची आणि मग ते कायमचं तिचं व्हायचं. टाकीतलं पाणी उन्हानं, दिव्यानं उडतं, तेव्हा वरून साधं गोडं पाणीच घालायचं, खारं घालायचं नाही, हे तो कागदावर आकृती काढून सांगत होता. मावशीनं त्याला मधेच तोडलं. "कळलं. आमटी आटली की खारट हुती. मग आपुन तिच्यात वरनं मीठ घालतो का? पाणीच घालतो."

टाकीत नारिंगी पट्ट्यांच्या माशांची एक जोडी होती. त्यांतली मोठी मादी. ती मेली तर उरलेला नरच पुढे मादी होतो, असं सौरभनं सांगितल्यावर आम्ही भाडेकरू तोंडात बोट घालून ऐकत होतो. मावशीला त्यात विशेष काही वाटलं नाही. "आमच्यात बी सासू गेली की सूनच सासू हुती," ती म्हणाली. "दुसरं कोण हुणार?"

तांबं या जिवांना विष असतं हे कळलं, तेव्हा तिनं हातातलं तांब्याचं कडं काढून देव्हाऱ्यात ठेवलं. ते कडं तिनं सांधेदुखीसाठी घातलं होतं. अण्णा म्हणाले, "आगं, गुडघं धरतील तुझं." ती म्हणाली, "माझं धरू द्या. त्यांला सोसत न्हाई."

अण्णा कमी बोलायचे. दूध घालणं, म्हशी धुणं, आणि सातबाऱ्याचं काही निघालं की पौडला तहसील कचेरीत चक्कर टाकणं, एवढंच त्यांचं जग. टाकीबद्दल त्यांनी बरंवाईट काही म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. पण म्हशीचं दावं सोडताना ते खिडकीतून आत एक नजर टाकून घ्यायचे.

पुढे सौरभला जर्मनीत नोकरी लागली. जाताना त्यानं टाकीला गिऱ्हाईक शोधलं. वाकडहून एक गृहस्थ टेम्पो घेऊन आले. मावशीनं त्यांना चहा पाजला, पोहे खाऊ घातले, घरची, मुलाबाळांची सगळी चौकशी केली आणि रिकाम्या टेम्पोनिशी परत पाठवलं. संध्याकाळी सौरभला म्हणाली, "तुझं कपडं ने, भांडी ने, खुर्ची ने. टाकी ऱ्हाऊ दे. परक्या घरी कोमेजतील ही लेकरं."

सौरभनं तिला मिठी मारली. मावशीला मिठीची सवय नव्हती, ती खांबासारखी उभी राहिली आणि ओले हात लांब धरून म्हणाली, "सोड रं, तुझा शर्ट खारट हुईल."

त्यानंतर मावशीची खरी शेती सुरू झाली. घरची बरीचशी जमीन इमारतींत गेली होती. ज्या बाईनं लहानपणापासून ओणव्यानं भात लावला, खुरपणी केली, तिला आता सकाळी उठून खुरपायला काही उरलं नव्हतं. ती सगळी ताकद टाकीत उतरली. आणि टाकीत खुरपण्यासारखं भरपूर होतं. या मऊ प्रवाळांचं तेच तर आहे. लागत नाही तोवर लागत नाही, आणि एकदा लागलं की आवरत नाही. बाळमुठी एका दगडावरून दुसऱ्यावर चालत जायच्या. दुसरं एक होतं, जांभळ्या सतरंजीसारखं अंथरत जाणारं आणि वर हिरवे तुरे काढणारं. त्याला मावशी 'हरळी' म्हणायची, कारण ते शेतातल्या हरळीसारखंच कुठूनही घुसायचं. तिसरी अळंबीसारखी चपटी, ती एकीच्या दोन व्हायची, त्यांना ती 'भाकऱ्या' म्हणायची.

"भावकी हाय ही," मावशी मला सांगायची. "वरनं गुण्यागोविंदानं दिसत्यात, पर आतनं रोज एकमेकांचा बांध कोरत्यात."

मग तिनं बांध घालून दिले. बाळमुठींचा दगड उचलून वेगळा ठेवला आणि भोवती मोकळ्या वाळूचा पट्टा सोडला, कारण वाळूवरून त्यांना चालता येत नाही. हरळीला मागची काच देऊन टाकली, "तितं काय नाचायचं ते नाच." ती पुढे आली की मावशी नखानं तिची कड उचलायची आणि गालिचा सोलावा तशी सोलून काढायची. भाकऱ्या सरकल्या की त्यांचा दगड मागे. हे जीव आपापसांत पाण्यात विषही सोडतात, म्हणून कोळशाची पिशवी पंपाच्या तोंडाशी. ती पिशवी बदलताना मावशी म्हणायची, "कोर्टकचेरीची घाण हिच्यात."

काढलेलं ती टाकून देत नव्हती. बाळमुठीचं एक देठ कापायचं, खड्यांच्या वाटीत ठेवायचं, वर मच्छरदाणीचा तुकडा बांधायचा म्हणजे प्रवाहानं उडत नाही, आणि खड्याला चिकटलं की रोप तयार. ही रोपं न्यायला रविवारी लोक यायला लागले. हिंजवडीतली, बाणेरमधली तरुण मुलं, हातात बरण्या घेऊन. त्यांना वाटायचं, जायचं आणि घेऊन यायचं. मावशी त्यांना समोर बसवून सोयरीक जमवल्यासारखी चौकशी करायची.

"घरात कोण कोण असतं? दिवसभर कोण बघतं? आमच्याकडं गुरुवारी लाईट जाती, तुमच्याकडं कवा जाती? इन्व्हर्टर हाय का?"

एकदा एका मुलानं प्रामाणिकपणे सांगितलं, की तो महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर असतो. मावशीनं त्याला चहा दिला आणि रोप दिलं नाही. "आधी लगीन कर," ती म्हणाली. "मग ये." तो मुलगा खरंच वर्षभरानं बायकोला घेऊन आला. मावशीनं तिची ओटी भरली आणि त्याच्या बरणीत दोन रोपं घातली. एक हक्काचं आणि एक थांबल्याचं.

एका हिवाळ्यात आम्ही भाडेकरूंनी गाडी करून मावशी आणि अण्णांना दिवेआगरला नेलं. घरात समुद्र पाळणाऱ्या या बाईनं समुद्र पाहिलेला नव्हता, हे आम्हांला गप्पांत अचानक कळलं होतं. ताम्हिणी घाट उतरताना ती खूश होती. किनाऱ्यावर गेल्यावर मात्र तिचा चेहरा पडला. थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "हितं काय दिसतच न्हाई की गं. नुसतं वरनंच बघायचं व्हय?"

आम्ही तिला लाटा दाखवल्या, मावळतीचा सूर्य दाखवला. तिचं समाधान होईना. तेवढ्यात अण्णा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात गेले, ओंजळ भरली, चाखली, आणि परत येऊन शांतपणे म्हणाले, "आपल्यापरीस खारट हाय."

अण्णा टाकीचं पाणी चाखून बघत होते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

मावशीला ते लागलं. तिनं कमरेची पिशवी सोडली आणि तिच्यातून खारेपणा मोजायची दुर्बिणीसारखी नळी काढली. ती तिनं नांद्याहून बरोबर आणली होती. काचेवर समुद्राचे दोन थेंब टाकले, एक डोळा मिटला, नळी उजेडाकडे धरली. आजूबाजूची माणसं गोळा झाली. कुणीतरी विचारलं, सरकारी तपासणी आहे का. मावशीनं बराच वेळ घेतला.

"बराबर हाय," ती शेवटी म्हणाली. "आपल्या रेघंवरच हाय. पास केला." आणि मग अण्णांना, "तुमची जीभ तंबाखूनं गेलीया."

मग ती खुशाल पाण्यात उतरली आणि दिवेलागणीपर्यंत बाहेर यायला तयार झाली नाही.

सगळंच असं हसतखेळत चाललं होतं असं नाही. संतोषचं लग्न ठरत होतं. मुलीकडचे घर बघायला येणार होते, आणि मावशीनं घर असं झाडलं, पुसलं, सारवलं की म्हशीसुद्धा बुजल्या. त्या भरात तिनं टाकीही घेतली. सौरभनं सांगून ठेवलं होतं, दर आठवड्याला थोडंसंच पाणी बदलायचं. तिनं जवळजवळ सगळं बदललं. दगड ब्रशनं घासले, वाळू धुतली, कोळशाच्या दोन पिशव्या लावल्या. टाकी आरशासारखी झाली.

दुसऱ्या दिवशी बाळमुठी मिटल्या त्या उघडल्याच नाहीत. मावशी म्हणाली, दृष्ट लागली असेल, आणि मीठमोहऱ्या ओवाळल्या. त्यानंतर देठं वाकली, लिबलिबीत झाली आणि पाहुणे येण्याच्या दिवसापर्यंत दगड उघडा पडला. हरळी टिकली, भाकऱ्या टिकल्या, मासे ठणठणीत होते. बाळमूठ मात्र एकही उरली नाही. पाहुणे आले. मुलीची आत्या टाकीकडे बघून कौतुकानं म्हणाली, "लई स्वच्छ ठिवलीया हो!" मावशीनं मान हलवली आणि आत निघून गेली. कांदेपोहे मीच वाढले.

संध्याकाळी तिनं सौरभला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं सगळं ऐकलं आणि हळूच सांगितलं, "मावशी, बाळमुठींना एवढं स्वच्छ पाणी मानवत नाही. थोडा मळ त्यांना लागतो. त्यावरच त्या वाढतात."

"मग आधी न्हाई सांगायचं?" मावशी कडाडली आणि पहिल्यांदाच मी तिच्या डोळ्यांत पाणी पाहिलं. मग स्वतःशीच म्हणाली, "बराबर हाय म्हणा. घर नांदतं पायजे, तसं पाणी बी नांदतं पायजे. मी पार दवाखाना करून टाकला त्याचा."

आठवडाभर ती खुर्चीत बसली नाही. भाकऱ्या थापायची, कामं उरकायची, पण आवाज इतका खाली आला की अण्णांनी मला गोठ्यात बोलावून विचारलं, "कुणाकडं तरी मिळंल न्हवं ते? हिनं एवढ्यांना वाटलंय." मी तिला म्हटलं, मी नुसता निरोप टाकते, उद्या दारात रांग लागेल. तर तिनं साफ नाही म्हटलं.

"मागून आणलेलं लागत न्हाई," ती म्हणाली. "रोप चोरून आणायचं असतं."

आमच्याकडेही असं म्हणतात, हे मला ठाऊक होतं. आजीनं शेजारणीच्या मोगऱ्याची फांदी अशीच आणली होती. पण मोगरा कुंपणाबाहेर येतो. बाळमूठ कुणाच्या तरी घरात, काचेच्या आत असते. मावशीनं विचार आधीच केलेला होता. हिंजवडी रस्त्यावर तिच्या दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांच्या बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी होती, आणि तिच्यात मावशीनंच दोन वर्षांपूर्वी दिलेली बाळमूठ माजली होती.

"डॉक्टर मागितलं तर लगेच देतील," मी म्हणाले.

"म्हणून तर मागायचं न्हाई."

शनिवारी सकाळी आम्ही गेलो. मावशीनं पिशवीत झाकणाचा छोटा स्टीलचा डबा घेतला होता, त्यात घरच्या टाकीचं पाणी, आणि चोळीच्या बाहीत नखं कापायची कात्री. ठरलं असं, की मी आत जाऊन डॉक्टरांना माझी दाढ दाखवायची आणि त्यांना गुंतवून ठेवायचं. माझी दाढ ठणठणीत होती. डॉक्टर ती टोचून टोचून बघत होते, मी "अजून मागे, अजून मागे" करत होते, आणि कान बाहेर. बाहेर पाण्याचा चुबुक असा आवाज झाला. मग डब्याचं झाकण पडल्याचा खणखणाट.

डॉक्टर दार उघडून बाहेर गेले. मी तोंडात कापूस घेऊन मागे. मावशी टाकीला पाठ लावून, भिंतीवरचं दातांचं चित्र बघत उभी होती. कोपरावरून पाणी ठिबकत होतं, पायाशी डबकं झालं होतं.

"मावशी, तुमचं काय दुखतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"दाढ दुखत हुती. आता ऱ्हायली."

डॉक्टरांनी डबक्याकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. ते पौड भागातलेच, शेतकऱ्याच्या घरातले. त्यांना सगळं कळलं असावं. "अहो, एवढंसंच कशाला घेतलंत? थांबा, चांगला झुबका काढून—"

"गप बसा डाक्टर!" मावशी ओरडली. "तुमी बघितलं न्हाई! मालकानं बघितलं तर लागत न्हाई!"

खुर्च्यांवर बसलेले पेशंट दचकले. डॉक्टर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. "मी काहीच बघितलं नाही," ते भिंतीला म्हणाले. "कोण आहे? कोणी आलं होतं का?"

आम्ही तिथून जवळजवळ पळतच निघालो. रिक्षात मावशी डबा पोटाशी धरून इतकी हसली की रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा पाहिलं. तो हिंदी बोलणारा होता. त्यानं विचारलं, "अम्मा, क्या लेके जा रहे हो?" मावशी म्हणाली, "चोरी का माल हाय, जल्दी चलो!"

ते देठ लागलं. आधी खड्यांच्या वाटीत जाळीखाली पडून राहिलं, मावशी दिवसातून दहादा वाकून बघायची आणि कुणाला काचेजवळ येऊ द्यायची नाही. पहिली मूठ उघडली तेव्हा मी ऑफिसात होते. फोन आला. "रेवते, उघडली!" माझ्या शेजारच्या तीन टेबलांना ते ऐकू गेलं आणि कुणाचं तरी बाळ झालं असं समजून त्यांनी माझं अभिनंदन केलं. संध्याकाळी डॉक्टरांकडे तूप-गुळाच्या पोळ्यांचा डबा गेला. कशाबद्दल, ते मावशीनं सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर टाकी कधी आरशासारखी झाली नाही. संतोषचं लग्न झालं. सून आली, पहिले काही महिने तिला टाकीची भीती वाटायची. मग एके दिवशी मी पाहिलं तर सासूसुना दोघी कोपरापर्यंत हात घालून हरळी सोलत होत्या आणि कुणाच्या तरी लग्नातल्या भांडणाबद्दल तावातावानं बोलत होत्या.

मावशीला मी शेवटचं पाहिलं ते दिवाळी होऊन गेल्यावर. जुनं घर पाडून तिथं संतोष चार मजली इमारत बांधणार होता. आम्हां सगळ्या भाडेकरूंना खोल्या सोडायच्या होत्या. माझी बदली तशीही हैदराबादला झाली होती. मावशीचं कुटुंब घर होईपर्यंत घोटावड्याला, तिच्या भावाकडे राहायला जाणार होतं. सामान आदल्या दिवशीच गेलं होतं, म्हशीही गेल्या होत्या. शेवटी टाकी.

सकाळपासून सगळे त्याच कामाला. पाणी कॅनमध्ये भरलं. मासे झाकणाच्या बादलीत, सेलवर चालणारा हवेचा पंप लावून. रिकामी काच गोधड्यांत गुंडाळून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत निजवली. हरळी आणि भाकऱ्यांचे दगड दोन घमेल्यांत. आणि बाळमुठींचा दगड मोठ्या निळ्या टबात. तो टब मावशीनं कुणाच्या हाती दिला नाही. ती ट्रॉलीत मांडी घालून बसली, टब मांड्यांच्या बेचक्यात घेतला आणि दगड हलू नये म्हणून दोन्ही हात आत बुडवून तो धरून ठेवला. अण्णा शेजारी बसले. ऊन चढायला लागलं होतं. अण्णांनी काळी छत्री उघडली आणि टबावर धरली.

मी बॅग घेऊन रस्त्यावर टॅक्सीची वाट बघत होते. ट्रॉलीजवळ गेले. म्हटलं, "मावशी, येते."

"घोटावड्याला ये. रिकाम्या हातानं येऊ नगंस, बरणी घेऊन ये."

"हैदराबादला कुठे टाकी ठेवू मी?"

"घर बघशील तवा खालच्या मजल्यावरचं बघ." मग तिनं मला जवळ यायला खुणावलं. हात टबात अडकलेले, म्हणून तिनं नुसतं कपाळ पुढे केलं. मी वाकले आणि तिनं आपलं कपाळ माझ्या कपाळाला जरा जोरातच लावलं. "जा आता. पाणी तापतंय."

संतोषनं ट्रॅक्टर चालू केला. तो इतका हळू निघाला की मी थोडं अंतर बरोबर चालत गेले. मागून काँक्रीटची एक मिक्सर गाडी आली, तिच्यामागे कंपन्यांच्या दोन बस, मोटारी, दुचाक्या. रस्ता अरुंद, पुढे जायला जागा नाही. मिक्सरवाल्यानं हॉर्न दिला, तशी मावशीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो काय समजला कोण जाणे, त्यानं पुन्हा हॉर्न दिला नाही. वळणापर्यंत मला ते दिसत राहिले. दोघं नवरा-बायको उन्हात, छत्री टबावर, आणि त्यांच्या मागे अख्खा रस्ता बाळमुठींच्या चालीनं घोटावड्याकडे निघालेला.